साताऱ्यात शिकायला येताय? आधी भिंतीला हात लावून बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्या म्हसवडकडनं कुणाच्या ना कुणाच्या आईचा फोन येतोच. "अगं तू साताऱ्यात शिकलीस ना, आमची पण तिकडंच यायचं म्हणतीय, जरा सांग की काय काय लागतं." दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा एकदाच टाइप करून ठेवतीय, ज्याला पाहिजे त्याला पाठवता येईल. मी इथं पाच वर्षं काढली, तीन बीएस्सीची आणि दोन एमएस्सीची, विषय बॉटनी. त्यातलं पहिलं वर्ष निम्मं वाया गेलं ते अभ्यासामुळं नाही, खोली आणि कागदपत्रं या दोन गोष्टींमुळं. त्यामुळं या लेखात त्या दोन गोष्टी जास्त आहेत आणि फिरायच्या जागा शेवटी आहेत, ज्यांना फक्त कास पठाराचं बघायचंय त्यांनी खुशाल खाली जावं, पण मग स्कॉलरशिप अडकली की मला फोन करू नका.

आधी शिक्का कुणाचा ते बघा

साताऱ्यातलं कॉलेज म्हटलं की सगळ्यांचं विद्यापीठ एकच असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाहीये. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, त्याला क्लस्टर विद्यापीठ म्हणतात. गावातली बाकीची बरीच आर्ट्स-कॉमर्स-सायन्सची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली आहेत, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीवाल्यांचं अजून वेगळंच असतं. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या तीन मुलींची तीन विद्यापीठं असू शकतात, आमच्या खोलीत होती.

याचा फरक काय पडतो ते सांगते. सिलॅबस वेगळा, परीक्षेचं टाइमटेबल वेगळं, रिझल्टची साइट वेगळी. एका पावसाळ्यात ग्रुपवर मेसेज फिरला की अतिवृष्टीमुळं उद्याचा पेपर पुढं ढकललाय, सोबत सही-शिक्क्याचं परिपत्रक पण होतं, आमची एक रूममेट तो बघून खूश होऊन संध्याकाळच्या एसटीनं गावाला गेली. परिपत्रक खरंच होतं, फक्त ते तिच्या विद्यापीठाचं नव्हतं. तिचा पेपर झाला. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि तो घेऊनच पुढच्या वर्षात जावं लागलं. तेव्हा कुठलाही पीडीएफ आला की आधी वरचं नाव वाचायचं, मग नाचायचं.

अॅडमिशन घेतानाच ऑफिसात स्पष्ट विचारा की डिग्रीवर नाव कुठल्या विद्यापीठाचं येणार, आणि तुम्ही दुसऱ्या बोर्डातनं किंवा दुसऱ्या विद्यापीठातनं येत असाल तर मायग्रेशन आणि पात्रतेचा फॉर्म लागतो का. हे आत्ता विचारलं तर पाच मिनिटांचं काम आहे, परीक्षा फॉर्मच्या वेळी कळलं तर पाच दिवसांचं.

खोली

आता हे नीट वाचा. मी माण तालुक्यातली, आमच्याकडं टँकरची वाट बघायची सवय, घरात छत्री एकच आणि ती पण उन्हासाठी. सातारा आमचाच जिल्हा, पण जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही कोरडे ठाक आणि दुसऱ्या टोकाला महाबळेश्वर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सातारा शहर मधोमध, पण पावसाळ्यात ते महाबळेश्वरच्या बाजूला झुकलेलं असतं असं मला कायम वाटत आलंय.

तर मी आणि पप्पा मे महिन्यात खोली बघायला आलो. पांढराशुभ्र रंग, खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतोय, भाडं बरं, घरमालकीण काकू गोड. पप्पा म्हणाले लगेच देऊन टाकू अॅडव्हान्स. दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पलंगामागची भिंत आधी पिवळी झाली, मग तिला पोपडे आले, मग मी कपाट जरा पुढं ओढलं तर मागं हिरवट काळी बुरशी, हाताच्या पंजाएवढी. चपलांवर पांढरी लव आली. हे सगळं चाललं असतं हो, पण माझी कागदांची फाइल कपाटाच्या खालच्या खणात भिंतीला टेकून होती. उघडली तर नॉन क्रिमीलेयरवरचा शिक्का पसरून निळा डाग झालेला आणि शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकला चिकटलेला, तो सोडवताना कोपरा फाटला. मी त्या दिवशी ओरिजिनल दाखला धरून टेबल फॅनसमोर बसले होते, रडत.

तेव्हा खोली बघायला जमलं तर पाऊस सुरू झाल्यावर या, एक दिवस भिजायला लागलं तरी चालेल. मे महिन्यातच यावं लागणार असेल तर हे बघा:

भिंतीला, खास करून जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या भागाला, तळहात लावा. बाकी भिंत जुनी आणि तेवढाच पट्टा नवीन रंगवलेला असेल तर समजून जा. खोलीत शिरल्या शिरल्या नाकाला काय येतं ते बघा, ओलीचा वास उन्हाळ्यात पण पूर्ण जात नाही. कपाट भिंतीपासून हलवून मागं बघा, मालकांना राग आला तर येऊ दे. खिडकी पश्चिमेला असेल तर पाऊस आत येणारच, वर पत्र्याची झडप आहे का बघा. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर स्लॅबला वर्तुळासारखे डाग आहेत का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी तिथं राहिलेल्या मुलीचा नंबर मागून घ्या. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळालं.

कपडे वाळत घालायला आडोसा आहे का हे कोणीच विचारत नाही आणि मग ऑगस्टमध्ये सगळे ओली जीन्स घालून लेक्चरला बसतात. दोरी आत बांधता येत असेल तरी फॅनखाली जीन्स वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळं जीन्स कमी आणा, पातळ पँटी आणा. नळाला पाणी किती वाजता येतं, टाकी कुठंय, लाइटला सबमीटर आहे का आणि युनिट काय दरानं लावतात, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे सगळं अॅडव्हान्स द्यायच्या आधी. डिपॉझिट रोख देत असाल तर कागदावर सही घ्या, अकरा महिन्यांचा करार असेल तर उत्तम. पहिल्याच दिवशी भिंतींचा व्हिडिओ काढून ठेवा, सोडताना "तुम्हीच खराब केलं" म्हणून डिपॉझिट कापतात, माझं कापलं.

भाग कुठला निवडायचा? कॉलेज सदर बझार-कॅम्पच्या बाजूला असेल तर तिथंच जवळपास बघा, भाडं थोडं जास्त पडेल पण रोजचा रिक्षाचा खर्च आणि भिजणं वाचतं. गोडोली, शाहूपुरीकडं पण भरपूर पोरं राहतात. समर्थ मंदिर, चिमणपुरा, बोगद्याकडचा भाग जुना, छान, माणसं मायाळू, पण चढ आहे आणि पाऊसही तिकडं जरा जास्तच लागतो, सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला तिकडनं चालत यायचं म्हणजे परत येताना जीव जातो. मॅपवर एक किलोमीटर दिसतं, पण मॅपला चढ दिसत नाही.

वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तरी वसतिगृहातच काढा असं माझं मत. रेक्टरची कटकट असते, मान्य, पण पाणी, लाइट, सुरक्षितता याची डोकेदुखी दुसऱ्याची असते. कॉलेजच्या वसतिगृहाशिवाय समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं पण असतात, त्यांचा अर्ज वेगळा आणि मुदत वेगळी, कॉलेजच्या नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका.

कागद

गावाकडनं निघायच्या आधी जेवढं होईल तेवढं तिथंच करून घ्या. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा, नॉन क्रिमीलेयर हे सगळं तुमच्या तहसीलमधनं, सेतूतनं किंवा महा ई-सेवा केंद्रातनं निघतं, साताऱ्यात येऊन इथल्या सेतूत रांगेत उभं राहिलात तर तुमच्या तालुक्याचं इथं होत नाही म्हणून परत पाठवतील. उत्पन्नाचा दाखला बहुतेक ३१ मार्चपर्यंतच चालतो, मागच्या वर्षीचा घेऊन येऊ नका. ज्यांना लागतं त्यांनी जात पडताळणी अकरावीतच टाकायला पाहिजे होती, नसेल टाकली तर हे वाचणं थांबवा आणि ते करा.

मग महाडीबीटी, म्हणजे सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल. फ्रीशिप, स्कॉलरशिप, ईबीसी म्हणजे ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, सगळं याच पोर्टलवर. फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नसतं, तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथं कुणीतरी तो बघून पुढं ढकलावा लागतो, काही चूक असली तर परत तुमच्याकडं येतो आणि तुम्ही लॉगिनच केलं नाही तर तो तिथंच पडून राहतो. आठवड्याला एकदा बघायचं, सोमवारी वगैरे ठरवून. आणि दरवर्षी रिन्यू करायचा, आपोआप होत नाही.

माझे पैसे आठ महिने आले नव्हते, कारण काय, तर माझ्या आधारला जोडलेलं खातं मी शाळेत असताना उघडलेलं गावाकडच्या बँकेतलं होतं आणि ते व्यवहार नाहीत म्हणून बंद पडलेलं. मी साताऱ्यात नवीन खातं काढलं, पासबुक फॉर्मला जोडलं, मला वाटलं झालं. पण स्कॉलरशिपचे पैसे तुम्ही लिहिलेल्या नंबरवर येत नाहीत, आधारला जे खातं सीड असेल, म्हणजे सरकारचे पैसे थेट जमा व्हायला (डीबीटी) जोडलेलं असेल, त्यावर येतात. बँकेत जाऊन "माझं आधार या खात्याला सीड करा, डीबीटीसाठी" असं याच शब्दांत सांगा, नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं की केवायसी करून पाठवतात आणि ती गोष्ट वेगळी.

मुलींसाठी एक. २०२४-२५ पासून मुलींना फी माफ असं सगळीकडं ऐकायला मिळतं, पण ते सरसकट नाहीये. इंजिनिअरिंग, फार्मसीसारखे व्यावसायिक कोर्स, सरकारच्या कॅप राउंडमधनं, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं प्रवेश, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या गटातल्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, असं ते आहे. मॅनेजमेंट कोट्यातनं घेऊन मग फी माफ मागायला गेलेली एक मैत्रीण माझी आहे.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, ओबीसी-व्हीजेएनटीवाल्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, व्यावसायिक कोर्सच्या पोरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, पण विचारायला पैसे लागत नाहीत. बॉनफाइड मात्र आल्याबरोबर चार-पाच काढून ठेवा, एसटी पास, बँक, स्कॉलरशिप, सगळीकडं लागतं.

आणि ओरिजिनल कागद खोलीत ठेवूच नका. स्कॅन करून डिजिलॉकरला आणि मेलला, झेरॉक्सचे तीन सेट जवळ, ओरिजिनल आईच्या ट्रंकेत गावाला. म्हसवडच्या हवेत कागदाला शंभर वर्षं काही होत नाही, तेवढा एक फायदा आहे आमच्याकडं.

पैसे कमी पडत असतील तर

कमवा आणि शिका. हे नाव आता सगळीकडं ऐकू येतं पण साताऱ्यात त्याची मुळं आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, मग १९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं, धनिणीच्या बागेत सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगचं नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग ठेवलं गेलं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्र पण. संस्थेचं ब्रीदच आहे, स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद.

हे सगळं मला शाळेत पाठ होतं, तरी पण मी पहिल्या आठवड्यात लायब्ररीत कमवा-शिकामध्ये काम करताना वर्गातलं कोणी आलं की रॅकच्या मागं जायची. काम काय, तर परत आलेली पुस्तकं दाखल क्रमांकानं जागेवर लावायची, फाटलेल्यांना पाठीवर कापडी पट्टी चिकटवायची, पावसाळ्यात कपाटात डांबर गोळ्या ठेवायच्या. एकदा वर्गातला एक मुलगा आला, मला बघितलं आणि म्हणाला, "तू पण? मी बागेत आहे, सकाळी साडेसहाला." संपलं. त्यानंतर लपले नाही. पैसे फार नाहीत मिळत, मेसचा थोडा भार निघतो, पण पुस्तक कुठं आहे हे मला वर्गात सगळ्यात आधी माहीत असायचं. तुमच्या कॉलेजात स्कीम असेल तर अर्ज पहिल्या पंधरा दिवसांत द्या, जागा भरतात.

मेस

वर्षाचे किंवा सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, कितीही सूट देऊ दे. आधी दोन-तीन मेसमध्ये सुट्टं ताट घेऊन जेवा, आणि सोमवारी जेवा, रविवारी दुपारी सगळीकडंच चांगलं असतं. खाड्याचं आधी ठरवून घ्या. खाडा म्हणजे तुम्ही गावाला गेलात तर ते दिवस वजा होणार का, किती दिवस सलग गेलं तर होणार, आदल्या दिवशी सांगायचं का फोनवर चालतं. भांडणं सगळी यावरनंच होतात. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद, तेव्हा राजवाडा चौपाटी, पण दर रविवारी गेलात तर महिन्याचं बजेट बोंबललं.

आमच्या मेसच्या मावशी भाकरी करायच्या, ज्वारीची, आणि मी माणदेशी म्हटल्यावर मला खरडा वेगळा द्यायच्या वाटीत, कुणाला न दाखवता. मावशींशी बोलत जावा. आजारी पडलात तर खिचडी तीच माउली करून देणार आहे, अॅप नाही. कंदी पेढे घरी न्यायचे असतील तर शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत नका घेऊ, मधल्या वारी घ्या आणि चव बघून घ्या, प्रत्येकाचं दुकान ठरलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं. माझंही ठरलेलं आहे, सांगत नाही.

ये-जा

कोरेगाव, रहिमतपूर, वाई, मेढा इकडची बरीच पोरं अप-डाऊन करतात. एसटीचा विद्यार्थी मासिक पास काढा, तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात होतो. बायका-मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, पण रोजचं असेल तर पासच परवडतो. एसटी नाही मिळाली तर वडाप, म्हणजे जीप, भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळं पेपरच्या दिवशी वडापच्या नादी लागू नका.

पुण्याहून येणाऱ्यांनो, स्वारगेटवरनं सातारा गाडी पकडा, साधारण ११० किलोमीटर, खंबाटकीत अडकला नाहीत तर अडीच-तीन तास. कोल्हापूर-बेळगावकडं जाणारी खासगी बस स्टँडवर येत नाही, हायवेलाच सोडते, तेव्हा बॉम्बे रेस्टॉरंट चौक किंवा वाढे फाटा असं क्लीनरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर झोपेत कराड येतं. रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, तिथनं रिक्षाचे पैसे धरून हिशोब करा. पोवई नाक्याखाली ग्रेड सेपरेटर म्हणजे भुयारी रस्ता आहे, गाडी घेऊन पहिल्यांदा शिरलात की भलतीकडंच बाहेर पडणार, मी मैत्रिणीच्या स्कूटीवर कॉलेजला निघून कोरेगाव रस्त्याला लागले होते, घाबरू नका, पुढनं वळून या.

अभ्यासाचं थोडक्यात

एनईपी म्हणजे नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा बाहेरचा विषय), व्हीएसी (व्हॅल्यू अॅडेड कोर्स), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) असली अक्षरं कानावर पडतील. घाबरायचं नाही, पण ओपन इलेक्टिव्ह मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका, तुमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचशी क्लॅश होत नाही ना ते बघा. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला तुमचा नंबर, डिजिलॉकरमधनं काढून ऑफिसला द्या, क्रेडिट त्यातच जमा होतात, आणि नाव दहावीच्या मार्कलिस्टवर जसं आहे अगदी तसंच आधारवर पाहिजे, आडनाव पुढं-मागं झालं तरी अडतं. चार वर्षांचं ऑनर्स आहे, तीन वर्षांत पण डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, तो निर्णय आत्ता करायचा नाहीये.

इंटर्नलचे मार्क हलक्यात घेऊ नका. हजेरी पंच्याहत्तर टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बघून जे लोक पांघरूण ओढतात ते ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या दारात अर्ज घेऊन उभे असतात. खोलीत अभ्यास होत नसेल तर गावात अभ्यासिका आहेत, महिन्याच्या भाड्यानं खुर्ची मिळते, तिथं सगळे एमपीएससी आणि पोलीस भरतीवाले. त्यांच्याकडं बघून आपोआप मान खाली जाते आणि पुस्तक उघडतं. पहाटे हीच मंडळी शाहू स्टेडियमवर पळत असतात. इथं फौजेचं वारं जुनंच आहे, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं.

सिनियरनी त्रास दिला तर सहन करत बसायचं नाही, अँटी रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते. मला कधी लागली नाही, पण नंबर दाराच्या मागं लिहून ठेवला होता.

आता फिरायचं

अजिंक्यतारा पहिल्या रविवारी पहाटे चढा, गाडीरस्ता आहे पण चालतच जा. १७०० मध्ये औरंगजेबानं हा किल्ला घेतला, नाव आझमतारा ठेवलं, पुढं मराठ्यांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा झाला. वरनं अख्खा सातारा दिसतो आणि तुमची खोली शोधायचा खेळ होतो. संध्याकाळी पेपरनंतर 'चार भिंती' नावाच्या जागी जा, ते १८५७च्या वीरांचं स्मारक आहे, तेव्हा तिथं कुरकुऱ्याची पाकिटं टाकून येऊ नका.

सज्जनगड पंधरा-एक किलोमीटर, दुपारच्या महाप्रसादाच्या वेळेला पोचा. महिनाअखेरीला आमचा अख्खा मजला भाविक व्हायचा. ठोसेघरला धबधब्याच्या रेलिंगच्या आतच राहायचं, यावर मी चर्चा करणार नाही.

कास. साधारण पंचवीस किलोमीटर, यवतेश्वरच्या घाटातनं. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. लोक फोटोतला गुलाबी-निळा गालिचा डोळ्यांपुढं ठेवून येतात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येऊन धुकं आणि गवत बघून जातात. ऑगस्ट संपता संपता ते सप्टेंबर हा खरा काळ, तोही त्या वर्षीच्या पावसावर. आधी ऑनलाइन बुकिंग करा, रोजच्या माणसांना मर्यादा असते. आणि मधल्या वारी जावा, शनिवार-रविवारी फुलांपेक्षा गाड्या जास्त.

आमच्या सरांनी पहिल्या फील्ड व्हिजिटला आम्हाला पठारावर उभं केलं आणि म्हणाले, आता खाली बसा. बसलो. उभं असताना जे नुसतं लालसर ओलं गवत वाटत होतं ती दवबिंदू नावाची वनस्पती निघाली, नखाएवढी झाडं, पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात एक चिलट पाय हलवत होतं. कीटक खाणारी वनस्पती पुस्तकात बघितली होती, ती आपल्याच जिल्ह्यात पायाखाली असते हे माहीत नव्हतं. तिथल्याच पाण्यात वायतुरा उगवतो, त्याच्या शास्त्रीय नावात साताराच आहे, अपोनोजेटन सातारेन्सिस. सीतेची आसवं, तेरडा, गेंद हे सगळ्यांना दिसतं, पण वायतुरा बघायला पाण्याच्या कडेला थांबावं लागतं. दर सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचं साल तुमच्या तीन वर्षांत आलं तर नशीब समजा. पायवाट सोडून फुलात लोळून फोटो काढणारे दिसले की मी भांडते, तुम्हीही भांडा.

परतीचं मात्र आधी बघा. पठारावर धुकं उतरलं की समोरची गाडी दिसत नाही, मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा उजेडात खाली या.

यादी मागणाऱ्यांसाठी शेवटचं: गादी, बादली, इस्त्री गावाकडनं आणू नका, दरवर्षी जाणारी पोरं स्वस्तात विकून जातात, मे महिन्यात वसतिगृहाच्या नोटीस बोर्डाजवळ विचारा. घरनं आणायचं ते भाकरीचं पीठ, खरडा, जाड पंचा दोन आणि चांगल्या गोणपाटाचा तुकडा, दाराशी टाकायला. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात ती पहिल्याच आठवड्यात उलटी होते. रेनकोट घ्या, पँटसकट, आणि एक नंबर मोठा, म्हणजे सॅक आत मावते.